गोळीचा आठवडा

वाशीच्या पुलावरून लोकल जाते तेव्हा खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेकडे फारसं कुणी मान वर करून बघत नाही. मीही बघत नव्हते. तिथल्या अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून आयोडीन-131 बनवतात. वाशीत ‘ब्रिट’ या सरकारी किरणोत्सार-तंत्रज्ञान संस्थेचं संकुल आहे, तिथून अशी किरणोत्सारी औषधं रुग्णालयांना जातात. ग्रेव्हजच्या आजाराने माझी थायरॉइड ग्रंथी बेफाम सुटून जास्तच हॉर्मोन बनवत होती, तेव्हा तेच आयोडीन माझ्या पोटात गेलं.

थायरॉइडला हॉर्मोन बनवायला आयोडीन लागतं. साधं कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं, हे तिला कळत नाही. दिसेल ते ती ओढून घेते आणि त्यातून निघणारे बीटा कण जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या टापूत तिच्याच पेशी मारतात. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव. तोवर अंगातून थोडे किरण बाहेरही पडत राहतात, म्हणून लेक काही दिवस नौपाड्यात मावशीकडे राहिली आणि मी वेगळ्या खोलीत झोपले.

काही महिन्यांनी उलटंच झालं. मे महिन्यात, ऐरोलीच्या उकाड्यात ‘पंखा बंद करा’ म्हणणारी घरात मी एकटी! ग्रंथी निकामी झाली होती. उपचाराचा तो अपेक्षित शेवटच असतो. मग थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हॉर्मोनची, गोळी सुरू झाली.

आणि गंमत म्हणजे थायरॉक्सिनचं रक्तातलं अर्धायुष्यही साधारण सात दिवसांचंच. दहाव्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून ‘काहीच फरक नाही’ म्हणून कुरकुरले, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नवा डोस सुरू केला की पहिल्या आठवड्यात बदलाचा निम्मा पल्ला गाठला जातो, दुसऱ्यात पाऊण, पाचव्याच्या शेवटी सत्त्याण्णव टक्के. मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्यूटरी ग्रंथी हे सगळं बघून मग आपला टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, हळूहळू बदलते: थायरॉक्सिन कमी पडलं की वाढवते, जास्त झालं की कमी करते. म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी रक्त देणं म्हणजे भात अर्धा शिजलेला असताना झाकण काढून नावं ठेवणं.

याच संथपणामुळे एखाद्या दिवशी गोळी विसरली तरी आभाळ कोसळत नाही. पातळी जेमतेम दहा टक्क्यांनी उतरते. पण महिनाभर टाळाटाळ करून तपासणीआधी चार दिवस शहाण्यासारखं वागलं, तर टी-4 (रक्तातलं थायरॉक्सिन) बरा दिसतो आणि टीएसएच मात्र चढलेला राहून चुगली करतो. रेडिओआयोडीननंतरचे पहिले काही महिने गोष्ट वेगळी. तेव्हा पिट्यूटरी जुन्या अतिरेकाने दबलेली असते, टीएसएच खालीच राहतो, म्हणून डॉक्टर फ्री टी-4 वर (रक्तातल्या मोकळ्या थायरॉक्सिनवर) जास्त भरवसा ठेवतात. माझा टीएसएच ‘कमी’ आणि मी आळसावलेली, हे कोडं तेव्हा कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बाकी रोजचं पथ्य सगळ्यांना पाठ असतं: उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब, कारण त्या थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. बाटली स्वयंपाकघरात ठेवू नये; ओल, उष्णता आणि उजेड तिन्हींनी गोळी बिघडते, आणि खाडीकाठच्या पावसाळ्यात ओल कुठे नसते! माझी कपड्यांच्या कपाटात असते.

एक गोष्ट मात्र क्वचितच कानावर येते. थायरॉइड बिघडली की केस गळतात, मग मैत्रीण बायोटिन या ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवते. बऱ्याच प्रयोगशाळांच्या चाचणी-पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं; रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-4 खोटा जास्त दाखवतो. डोस जास्त झालाय असं वाटून नेमका तोच कमी केला जाऊ शकतो. डॉक्टरांना विचारून मी तपासणीच्या आधी दोन दिवस बायोटिन बंद ठेवते आणि सकाळचं रक्त गोळी घेण्याआधी देते.