न वाढणारा बॅक्टेरिया वाढवणं वेगळं, आणि त्याला न वाढवताच त्याचं अँटिबायोटिक काढणं वेगळं

२०१५ मधे टेक्सोबॅक्टिनची बातमी आली की लॅबमधे न वाढणाऱ्या मातीतल्या बॅक्टेरियापासून नवीन अँटिबायोटिक मिळालं. २०१८ मधे मॅलासिडिनची आली, तीही साधारण याच शब्दांत. दोन्ही खऱ्या आहेत, पण एकसारख्या वाचल्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की पद्धतही एकच असणार. तसं नाहीये. पहिल्यात तो हट्टी बॅक्टेरिया कसाही करून वाढवला, दुसऱ्यात तो कुणी वाढवला तर नाहीच पण कुणी पाहिलाही नाही, आणि शोधाची दिशा तर पूर्ण उलटी.

आधी दोघांचा कॉमन प्रॉब्लेम बघू. जुनी पद्धत एकदम सरळ होती, माती पाण्यात पातळ करायची, अगार प्लेटवर (बॅक्टेरियाचं खाणं घातलेल्या जेलीच्या ताटलीवर) पसरायची, ज्या कॉलनीभोवती (एका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्याभोवती) रोगजंतू वाढत नाहीत ती उचलायची. १९४३ मधे रटगर्सला वाक्समनच्या लॅबमधे अल्बर्ट शाट्झने स्ट्रेप्टोमायसिन असंच शोधलं, पुढे एरिथ्रोमायसिन, व्हँकोमायसिन वगैरे सगळी मातीतल्याच बॅक्टेरियातून आली. मग मात्र तेच तेच परत सापडायला लागलं. स्ट्रेप्टोथ्रायसिन हे जुनं अँटिबायोटिक तर मातीतल्या अ‍ॅक्टिनोमायसिट्स गटातल्या बॅक्टेरियांमधे इतकं कॉमन आहे की प्लेटवर छान मोठा झोन (कॉलनीभोवतीची जंतू नसलेली मोकळी जागा) दिसला की आनंद व्हायच्या आधी शंका यायला हवी. म्हणून आज कुठल्याही लॅबमधे झोन दिसल्यावर पहिलं काम असतं मास स्पेक्ट्रोमीटरवर (मॉलिक्यूलचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) बघून हे आधीच माहीत असलेलं मॉलिक्यूल तर नाही ना हे तपासणं. झोन म्हणजे फक्त "इथे काहीतरी मारणारं किंवा थांबवणारं आहे", नवीन आहे असं तो सांगत नाही.

दुसरी अडचण म्हणजे मायक्रोस्कोपखाली मातीत जेवढ्या पेशी दिसतात त्यातल्या साधारण १ टक्काच प्लेटवर कॉलनी करतात. बाकीच्या मेलेल्या नसतात. कुणी फार हळू वाढतं, कुणाला इतकं भरपूर खाणं सोसत नाही, तर कुणी शेजाऱ्यावर अवलंबून असतं, उदाहरणार्थ काहींना लोह ओढून घेणारं मॉलिक्यूल स्वतःला बनवता येत नाही, शेजारच्या बॅक्टेरियाने बाहेर सोडलेलं ते वापरतात. शेजारी नाही तर वाढ नाही.

आता टेक्सोबॅक्टिनवाल्यांनी काय केलं ते बघा. नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या किम लुईस आणि स्लावा एपस्टाइन यांच्या गटांचं म्हणणं असं की शेजारी लॅबमधे आणता येत नसतील तर बॅक्टेरियालाच परत मातीत ठेवू. त्यासाठी आयचिप नावाचं साधन, एक छोटी प्लेट, तिला शेकडो बारीक भोकं. माती इतकी पातळ करायची की प्रत्येक भोकात साधारण एकच पेशी अगारसकट बसावी, मग दोन्ही बाजूंनी असा पडदा लावायचा ज्यातून अन्न आणि केमिकल्स जातात पण बॅक्टेरिया जात नाहीत, आणि ही आयचिप त्याच मातीत पुरून ठेवायची. वाढणाऱ्यांचं प्रमाण १ टक्क्यावरून ५० टक्क्यांच्या जवळ जातं. आणि गंमत म्हणजे एकदा अशी कॉलनी झाली की त्यातले बरेचसे नंतर साध्या प्लेटवरही वाढायला लागतात.

त्यांनी असे साधारण १०,००० आयसोलेट (म्हणजे वेगळे काढून वाढवलेले बॅक्टेरिया) स्टॅफिलोकोकस ऑरिअस या रोगजंतूविरुद्ध तपासले आणि मेन राज्यातल्या मातीतल्या एलेफ्थेरिया टेरी नावाच्या बॅक्टेरियात टेक्सोबॅक्टिन सापडलं. म्हणजे क्रम असा झाला: आधी बॅक्टेरिया, मग तो मारतो हे दिसलं, मग मॉलिक्यूल, आणि त्याचे जीन्स सगळ्यात शेवटी. खरं तर ही वाक्समनचीच पद्धत आहे, फक्त प्लेटवर येणारे पाहुणे बदलले.

मॅलासिडिनचं गणित वेगळं. रॉकफेलर युनिव्हर्सिटीत शॉन ब्रॅडीच्या गटाने मातीतून थेट डीएनए काढला, कुणाचा कुठला हे न बघता सगळा एकत्र. याला मेटाजिनोमिक्स म्हणतात. एवढ्या डीएनएत शोधायचं काय? डॅप्टोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स कॅल्शियम असेल तरच काम करतात आणि त्यांच्यात कॅल्शियम धरणारा एक ठराविक तुकडा असतो, तर तो तुकडा बनवणाऱ्या जीन्सच्या खुणा त्यांनी साधारण २,००० मातीच्या नमुन्यांमधे शोधल्या, ज्यातले बरेच सामान्य लोकांनी पाठवलेले होते. ओळखीच्या कुठल्याच फॅमिलीत न बसणारी एक खूण बऱ्याच नमुन्यांमधे दिसली. मग त्या जीन्सचे तुकडे जोडून अख्खा क्लस्टर (एक मॉलिक्यूल बनवणाऱ्या जीन्सचा गट) स्ट्रेप्टोमायसिस आल्बस या लॅबमधे वाढणाऱ्या उसन्या बॅक्टेरियात घातला, त्याने मॉलिक्यूल बनवलं, आणि त्या मॉलिक्यूलने उंदरांच्या जखमेतला एमआरएसए (औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरिअस) साफ केला. इथे क्रम बरोबर उलटा, जीन पहिले आणि "मारतं का" हा प्रश्न शेवटी. मूळ मालक कोण होता ते आजही नाव घेऊन सांगता येत नाही.

हा क्रम नुसता तांत्रिक तपशील नाही, त्यावरून काय सापडू शकतं तेच बदलतं. आयचिपमधे तुम्ही काहीही गृहीत धरत नाही, त्यामुळे अगदी अनपेक्षित रचना हाती लागू शकते, पण तो जीन त्या वेळी चालू असला पाहिजे. आणि बॅक्टेरिया असले बरेच जीन्स बंदच ठेवतात. २००२ मधे स्ट्रेप्टोमायसिस कोलिकलरचा जीनोम आला तेव्हा वर्षानुवर्षं अभ्यासलेल्या या बॅक्टेरियात असे वीसहून जास्त क्लस्टर निघाले, त्यातल्या बहुतेकांचं प्रॉडक्ट कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं. मेटाजिनोमिक्सला बंद क्लस्टरही दिसतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तिथे खूण आधी माहीत असावी लागते, म्हणून जास्त करून ओळखीच्यांचे नातेवाईक सापडतात, अगदी नवी जात निसटू शकते. शिवाय उसना बॅक्टेरिया ते जीन्स चालवेलच याची खात्री नाही, क्लस्टर मोठा असला तर जोडण्यातच जीव जातो. मला स्वतःला आयचिपचा रस्ता जास्त आवडतो कारण हातात जिवंत बॅक्टेरिया राहतो आणि मॉलिक्यूल संपलं तर परत वाढवता येतं, पण एका वेळी हजारो ठिकाणची माती चाळायची तर डीएनएला पर्याय नाही.

आणखी एक गोंधळ यामुळे होतो की दोघांचा निशाणा एकच निघाला, लिपिड टू, म्हणजे बॅक्टेरियाची भिंत बांधायला लागणारी वीट. ती प्रोटीन नाही, त्यामुळे एखाद्या जीनमधे छोटा बदल होऊन ती बदलत नाही आणि रेझिस्टन्स यायला वेळ लागतो. कधीच येणार नाही असं मात्र नाही, व्हँकोमायसिनही लिपिड टूलाच धरतं आणि त्यालाही काही दशकांनी रेझिस्टन्स आलाच. दोघांची मर्यादाही सारखी, ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरियाचं (म्हणजे भिंतीबाहेर आणखी एक आवरण असलेल्या गटाचं) ते बाहेरचं आवरण त्यांना आत येऊ देत नाही. (ग्रॅम निगेटिव्हवर चालणारं डॅरोबॅक्टिन २०१९ मधे आलं ते सूत्रकृमींच्या आतड्यात राहणाऱ्या फोटोरॅबडसमधून, आणि तो बॅक्टेरिया लॅबमधे आरामात वाढतो.)

आता तर ब्रॅडीच्या गटाने उसना बॅक्टेरियाही काढून टाकलाय. २०२२ च्या सिलॅजिसिन या अँटिबायोटिकमधे त्यांनी बॅक्टेरियाच्या जीनोममधला क्लस्टर वाचून मॉलिक्यूल कसं असेल याचा अंदाज कॉम्प्युटरवर बांधला आणि ते सरळ केमिस्ट्रीने बनवलं. त्यामुळे बनलेलं मॉलिक्यूल आणि निसर्गातलं मॉलिक्यूल हुबेहूब एकच असेल असंही नाही, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती, जंतू मेले म्हणजे झालं. पण ते रक्तातल्या प्रोटीन्सना चिकटून बसत होतं, म्हणून त्याची शेपटी बदलावी लागली.