नायक आठ, पण गप्पा चौघांच्याच

चित्रपट सुरू होऊन वीस मिनिटे झाली तरी नायक कोण ते कळत नाही. एक परिचारिका रात्रपाळी संपवून घरी निघाली आहे. एक टॅक्सीवाला थकलेल्या हप्त्यांचा हिशेब करतोय. एक वकील स्वतःच्याच घटस्फोटाच्या कागदांवर सही करायचे टाळतोय. तिघे एकमेकांना ओळखत नाहीत. मग एका चौकात करकचून ब्रेक लागतात आणि तिन्ही गोष्टी एकमेकींत घुसतात.

ही गोष्ट मी आत्ताच रचली, पण ओळखीची वाटली असेल. १९९० नंतर या घडणीचे इतके चित्रपट आले की अभ्यासकांना त्यांच्यासाठी वेगळे नाव शोधावे लागले. नावेही एकाहून जास्त निघाली. २००५ साली समीक्षक अ‍ॅलिसा क्वार्ट यांनी ‘हायपरलिंक सिनेमा’ हा शब्द वापरला, म्हणजे इंटरनेटवरच्या दुव्यांसारखा एका गोष्टीतून दुसरीत उडी मारणारा सिनेमा. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल ‘नेटवर्क नॅरेटिव्ह’ म्हणत, म्हणजे जाळ्यासारखी विणलेली गोष्ट. स्पेनमधल्या मारिया देल मार अस्कोना यांनी २०१० साली यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि ‘बहुनायक चित्रपट’ हा स्वतंत्र प्रकारच मानावा, अशी मांडणी केली.

तसे अनेक नायक पडद्याला नवे नव्हते. १९३२ सालच्या ‘ग्रँड हॉटेल’मध्ये पाच-सहा जणांची नशिबे एकाच हॉटेलात गुंतलेली होती. १९७५ सालच्या ‘नॅशव्हिल’मध्ये तर चोवीस प्रमुख पात्रे आहेत. पण तिथे सगळ्यांना धरून ठेवणारे काहीतरी होते: एक इमारत, एक शहर. पुढच्या चित्रपटांनी हे छप्परच काढून टाकले. पात्रे वेगवेगळ्या शहरांत, कधी वेगवेगळ्या खंडांत राहू लागली आणि त्यांना जोडण्याचे काम योगायोगावर पडले.

हा योगायोग गणिताला मात्र परका नाही. १९९८ साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ‘छोट्या जगा’वरचा निबंध छापला. त्यात एक उदाहरण चित्रपटातल्या नटांचेच होते. एकत्र काम केलेल्या नटांना रेषेने जोडत गेल्यावर २,२५,२२६ जणांचे जाळे तयार झाले. त्यातल्या कुठल्याही एका नटापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला सरासरी ३.६५ पावले पुरतात. गंमत पुढे आहे. जाळ्यातल्या बहुतेक रेषा आपापल्या घट्ट घोळक्यातच असतात. या घोळक्यातून त्या घोळक्यात उडी मारणाऱ्या मोजक्या लांब रेषाही सगळे जग जवळ आणायला पुरतात. चौकातला अपघात ही अशीच लांब रेषा आहे. एरवी ज्यांची गाठ पडायचे कारण नव्हते, अशा तिघांना ती एका झटक्यात शेजारी आणते. (अपघाताचा हा उपयोग पटकथाकारांनी इतका केला आहे की आता चौक दिसला की मी खुर्चीचा हात धरून बसतो.)

मग प्रश्न पडतो: असे चित्रपट पाहताना आपण खरोखर जास्त माणसे सांभाळायला शिकतो का? २०१३ साली जेमी क्रेम्स आणि रॉबिन डनबार यांनी हे मोजून पाहिले. डनबार म्हणजे माणसाला साधारण दीडशेच नाती नीट सांभाळता येतात, असे मांडणारे मानसशास्त्रज्ञ. दोघांनी बारा हायपरलिंक चित्रपट घेतले आणि तुलनेला दहा साध्या धाटणीचे. त्यांच्यात कोण कोणाशी जोडलेले आहे, एका संभाषणात किती जण असतात, हे तपासले. फरक फारसा सापडलाच नाही. शेक्सपिअरची नाटके आणि प्रत्यक्ष आयुष्य यांच्याशी ताडून पाहिले तरी आकडे जवळपासच राहिले. सगळ्यात हट्टी निघाला तो संभाषणाचा आकार. मोकळ्या गप्पांचा घोळका साधारण चौघांपर्यंत टिकतो, पाचवा आला की बहुधा दोन घोळके होतात, हे डनबार आणि सहकाऱ्यांनी आधीच नोंदवले होते. खंड ओलांडणाऱ्या कथांनाही ही वेस मोडता आली नाही.

यामागची अडचण कागदावर काढून पाहता येते. चौघे बोलत असतील तर जोड्या सहा होतात. पाच जण झाले की दहा आणि आठ झाले की अठ्ठावीस. कोण कोणावर रुसले आहे, कोणाला काय ठाऊक आहे, हे प्रत्येक जोडीमागे लक्षात ठेवायचे असते. ‘नॅशव्हिल’च्या चोवीस पात्रांच्या जोड्या २७६ होतील. एवढे ओझे कोणताही दिग्दर्शक एका दृश्यात प्रेक्षकाच्या डोक्यावर ठेवत नाही. तो दोन-तीन माणसांचा प्रसंग दाखवतो, तिथून काढता पाय घेतो आणि दुसऱ्या दोघांकडे जातो. पट मोठा वाटतो तो संकलनाच्या कात्रीमुळे. माझ्या मते या प्रकाराचे खरे कसब पात्रांच्या संख्येत नाही, एका प्रसंगातून दुसऱ्यात नेमके कधी उठून जायचे, यात आहे.

उठून जाण्याची किंमतही असते. चित्रपट-अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ साली प्रेक्षकाच्या पात्राशी जुळण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी आपण त्याला ओळखतो, मग कथेत त्याच्या सोबत चालतो आणि शेवटी त्याची बाजू घेतो. एकच नायक असला तर या पायऱ्या एकामागून एक सहज चढल्या जातात. आठ असले की सोबत सारखी तुटते. टॅक्सीवाल्याची कणव यायला लागते आणि तेवढ्यात आपण वकिलाच्या दिवाणखान्यात जाऊन पडतो. काही दिग्दर्शक या तुटण्याचाच उपयोग करतात. एकाची बाजू घेऊन झाल्यावर त्याचा बळी ठरलेल्याच्या घरात आपल्याला नेऊन बसवतात आणि आपली पंचाईत करतात.

जाळे मोजणाऱ्यांची पंचाईत वेगळी. मोजणी करताना प्रसंग सुटे करतात, कोण कोणासोबत आहे ते तक्त्यात भरतात आणि ठिपके रेषांनी जोडतात. साध्या तक्त्यात परिचारिकेने टॅक्सीवाल्याला सुटे पैसे दिले तरी एक रेषा आणि वकिलाने बायकोसमोर कागद फाडले तरी एकच रेषा. शिवाय परिचारिका खिडकीतून पाऊस बघते आहे, पुढच्याच क्षणी दूर कुठे वकील त्याच पावसात उभा आहे. दोघांची भेट झालेली नाही, तक्त्यात रकाना कोरा. पण त्या दोन चित्रांना चिकटवून ठेवले आहे ते कोणीतरी मुद्दाम, आणि ते फक्त प्रेक्षकाला दिसते. चित्रपटाच्या अभ्यासकाला त्या कोऱ्या रकान्याबद्दलच सगळ्यात जास्त बोलायचे असते.