मुंबईच्या फोटोत माणसं कधी आली?

१८५४ साली मुंबईत दोन गोष्टी घडल्या. कावसजी दावर यांनी शहरातल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली (ताडदेवची गिरणी प्रत्यक्ष सुरू व्हायला पुढे दोन वर्षं गेली), आणि त्याच वर्षी बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. म्हणजे गिरण्यांची मुंबई आणि कॅमेऱ्यातली मुंबई एकाच वयाच्या. तरी गिरणी चालवणारा माणूस कॅमेऱ्यासमोर यायला फार वेळ लागला.

एक अडचण यंत्राचीच होती. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे धुवायचा. भिंग कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात चालता माणूस पुसला जाई, फार तर धुरकट रेघ उरे. जुन्या फोटोंतले रस्ते म्हणून ओस दिसतात. (ते पाहून ‘तेव्हाची मुंबई किती निवांत होती’ असं हळहळणारे भेटतात. गर्दी होती हो, काचेवर टिकली नाही!)

दुसरी अडचण नजरेची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी इथली मंडळी सुरुवातीपासून कॅमेरा हाताळत होती. पण गाजले ते इंग्रज फोटोग्राफर विल्यम जॉन्सन यांचे मुंबईतल्या जातीजमातींवरचे दोन खंड, १८६३ आणि १८६६ चे. त्यातली कितीतरी माणसं वेगळी टिपून मग शहरातल्या एखाद्या देखाव्यावर चिकटवलेली आहेत. फोटोचा मथळा माणसाच्या नावाचा नाही, जातीचा. याच दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले, पुढे बोरीबंदरचं स्टेशन उभं राहिलं आणि फोटोग्राफरांना दगडी विषय भरपूर मिळाले. चाळींकडे कॅमेरा वळला तो १८९६ च्या प्लेगमध्ये, घरांच्या झडत्या आणि इस्पितळातल्या खाटा टिपायला. म्हणजे सरकारी कामाची नोंद म्हणूनच.

रस्त्यावरचं रोजचं माणूस बरोबरीच्या नात्याने दिसू लागलं ते हातात मावणारे कॅमेरे आल्यावर. १९३० च्या दशकाअखेरीस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या फोटोग्राफर होमाई व्यारावाला मुंबईतल्या मुलींचे, कामकरी बायकांचे फोटो काढत होत्या. सुरुवातीला ते त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात, ही गोष्ट मला त्या फोटोंइतकीच बोलकी वाटते.

आणि गिरणगाव? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि लालबाग-परळकडे कॅमेरे वळले. मोर्चे, सभा, बंद फाटकं. नंतर एकटी धुराडी आणि त्यांच्या शेजारी चढणारे टॉवर. माझ्या मते हा फार उशिराचा भाग आहे. चालत्या गिरणीतल्या माणसाचा फोटो हवा असेल तर तो संग्रहालयापेक्षा कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या घराच्या भिंतीवर शोधावा. सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे, बहुधा उसना आणलेला कोट घालून काढलेला. साच्यावर, म्हणजे मागावर, दिवसभर न थांबणारा तो माणूस तिथे मात्र श्वास रोखून उभा असतो. फोटो गावी धाडायचा असतो ना.