डोंगा जागेवर, जीपीएस पळतंय

आमच्या गावच्या तीन-चार पोरांनी वर्गणी काढून दोन जुने कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होड्या, आणले आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये सराव सुरू केला. वेग आणि अंतर मोजायला कुणाकडून तरी हातात धरायचं जीपीएस, म्हणजे उपग्रहांच्या संदेशावरून जागा सांगणारं, यंत्रही मिळवलं, अर्थात सेकंडहँड. पहिल्याच दिवशीच्या नोंदीत सर्वाधिक वेग उमटला : ताशी ६१ किलोमीटर. "गुर्जी, आपल्या रस्त्यानं तं मोटारसायकलबी एवढी नाही पळत," म्हणत पोरं यंत्र घेऊन माझ्याकडे आली. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे गावातलं बिघडलेलं काहीही आधी माझ्या ओट्यावर येतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या डोंग्यात बसून पाण्यात गेलो. काका जन्मापासून वैनगंगेत जाळं टाकतात. डोंगा बांबूला बांधून आम्ही मधोमध थांबलो, आणि पडद्यावरचा ठिपका निवांत फिरायला निघाला. काका म्हणाले, "आपण तं इथंच उभे आहो, हे कायले पळून रायलं?"

या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. बहुतेक जण अशा वेळी उपग्रहांना नाहीतर ढगांना दोष देतात. ढग बिचारे निर्दोष असतात. जीपीएसचे संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर येतात आणि त्या लहरी ढगातून, पावसातून जवळपास विनाअडथळा पार होतात. खरी भानगड खालच्या पाण्याशी आहे.

आधी यंत्राला किती कमी सामग्रीत काम करावं लागतं ते पाहू. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्या प्रक्षेपकाची ताकद घरातल्या दिव्यासारखी, पंचवीस-पन्नास वॅटची. तो संदेश सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्यात आपल्यापर्यंत पोचतो, पण पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की यंत्राला तो भोवतालच्या गोंगाटाच्याही खालून उकरून काढावा लागतो. संदेश किती वेळात आला यावरून अंतर कळतं. प्रकाशाच्या वेगानं सेकंदाच्या एक अब्जांश भागात ३० सेंटीमीटर अंतर कापलं जातं. म्हणजे वेळेत दहा लाखांश सेकंदाची चूक झाली तरी ३०० मीटरचा घोटाळा. जागा काढायला एरवी तीन उपग्रहांची अंतरं पुरली असती, पण आपल्या हातातल्या यंत्राचं घड्याळ स्वस्तातलं, म्हणून तीन उपग्रहांनी भागत नाही. चौथा लागतो, तो घड्याळाची चूक काढायला.

आता या क्षीण संदेशासमोर पाणी धरा. या वारंवारितेच्या लहरी गोड्या पाण्यात काही सेंटीमीटर गेल्या की बऱ्याचशा विरून जातात. वल्हं मारताना हात क्षणभर पाण्याखाली गेला आणि यंत्र मनगटावर असेल, तर ते तेवढ्यापुरतं आंधळं होतं. पाण्यातून वर आल्यावर ते पुन्हा जागा ठरवतं आणि नवी जागा जुन्या अंदाजापेक्षा १७ मीटर बाजूला निघते. एका सेकंदात १७ मीटर, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. पोरांचा विक्रम असा घडला होता. यंत्राच्या डोक्यावर साचलेला पाण्याचा पातळ थरही अँटेनाला त्रास देतो, म्हणून मधूनमधून ते पुसायची सवय लावलेली बरी.

आणि माणसाचं शरीर? तेही निम्म्याहून जास्त पाणीच. लाइफ जॅकेटच्या आत छातीशी यंत्र ठेवलं की अर्धं आकाश आपणच झाकतो. आम्ही जागा बदलून पाहिल्या : मनगट, कंबर, मांडीवर, खांदा, हेल्मेट. हेल्मेटवर सगळ्यात नीट नोंद मिळाली, पण पोरांना ते दिसायला बरं वाटेना. शेवटी जॅकेटच्या खांद्यावरच्या पट्ट्याला बांधण्यावर तडजोड झाली.

पाण्याची दुसरी खोडी मला जास्त आवडते, कारण ती शाळेतल्या आरशाच्या धड्यासारखी आहे. शांत बॅकवॉटर या लहरींना आरसा असतं. उपग्रहाकडून थेट आलेला संदेश आणि पाण्यावर आपटून आलेला संदेश असे दोन्ही यंत्राला मिळतात. दुसरा लांबच्या वाटेनं आलेला, त्यामुळे अंतर चुकतं. यंत्र बनवणाऱ्यांनी यावर सुरेख उपाय केलेला आहे. उपग्रहाच्या लहरी स्क्रूसारख्या उजवीकडे पीळ घेत येतात, आणि आरशात उजवा हात डावा दिसावा तसा परावर्तनानंतर बहुतेक वेळा त्यांचा पीळ उलटतो. अँटेना उजव्या पिळाचं स्वागत करते, डाव्या पिळाला सहसा दारातूनच परत पाठवते. पण ही सोय अँटेनाचं तोंड आकाशाकडे असेल तरच. यंत्र डोंग्याच्या तळाशी आडवंतिडवं पडलेलं असेल, तर ते पाण्याकडून येणाऱ्या पाहुण्यांनाही आत घेतं. शिवाय सगळ्या यंत्रांचं 'वर' एक नसतं. चपट्या अँटेनाचं यंत्र तळहातावर थाळीसारखं आडवं धरावं लागतं. ज्यांच्या डोक्यावर जाड खुंटी असते, त्यांच्या आत गुंडाळलेल्या तारेची अँटेना असते आणि ती उभीच धरायची. आमचं यंत्र खुंटीवालं होतं आणि मनगटावर नसेल तेव्हा पोरं ते मांडीवर आडवं ठेवत होती.

ठिपका जागच्या जागी का फिरतो, तेही यातच आलं. प्रत्येक सेकंदाला मिळणारी जागा काही मीटरनं इकडेतिकडे सरकते. यंत्र ते सगळं सरकणं बेरजेत धरतं. जेवायला अर्धा तास थांबलात की तुमच्या खात्यात फुकटचं अंतर जमा. वेगाचं मात्र वेगळं आहे. चांगली यंत्रं वेग जागेच्या फरकावरून न काढता संदेशाच्या वारंवारितेतल्या बदलावरून काढतात. भंडारा रोडला न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. सेकंदाला एक मीटर या वेगानं तुम्ही उपग्रहाकडे सरकलात तर वारंवारिता साधारण सव्वापाच हर्ट्झनं बदलते, आणि यंत्र तेवढंही टिपतं. त्यामुळे पडद्यावरचा चालू वेग बऱ्यापैकी खरा असतो. घरी येऊन मोबाइलवर मार्ग चढवल्यावर दिसणारा 'सर्वाधिक वेग' बहुधा ठिपक्यांमधल्या अंतरावरून काढलेला असतो, म्हणून त्यात असे उड्या मारणारे आकडे सापडतात. नोंद दर सेकंदाला करायची सेटिंग ठेवली तर अशी उडी आलेखात एकट्या सुळक्यासारखी दिसते आणि लगेच काढून टाकता येते. यंत्राला वाटेल तेव्हा नोंद करू दिली, तर तोच सुळका आजूबाजूच्या नोंदींत मिसळून खरा वाटायला लागतो.

आता यंत्र मधेच बंद पडण्याबद्दल. मला दहापैकी नऊ वेळा संशय सेलवर असतो. लाट आपटली की पेन्सिल सेल जागेवर उडतो, स्प्रिंगपासून क्षणभर सुटतो आणि यंत्र झोपतं. सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा सेलभोवती गुंडाळून आम्ही तो हिंदोळा थांबवला. स्प्रिंगवर पांढरट खार चढला असेल तर तो सेलमधून झिरपलेल्या अल्कलीचा. लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसानं तो निघतो, कारण आम्ल अल्कलीला मारतं. मग ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवायचं. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा आणि साधा १.५ चा. यंत्राला कोणता सेल टाकला ते सेटिंगमध्ये सांगितलं नाही, तर भरलेला सेलही ते अर्धा दाखवतं.

पाणी आत शिरण्याची आमची गोष्ट विदर्भाच्या उन्हाशिवाय घडलीच नसती. यंत्रावर 'आयपीएक्स७' लिहिलेलं होतं, म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकेल. मे महिन्यात ते दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत राहिलं आणि मग पाण्यात जेमतेम वीतभर बुडालं. तरी काचेच्या आत धुकं! हिशेब करून पाहिला. आतली हवा ६० अंश सेल्सिअसला तापली असेल आणि २५ अंशाच्या पाण्यात थंड झाली, तर बंद डबीतला दाब दहा टक्क्यांहून थोडा जास्त घटतो. तेवढी ओढ एक मीटर पाण्याच्या दाबाबरोबरीची. म्हणजे वीतभर पाण्यातच यंत्राची सगळी हमी संपली, आणि रबरी कडेवर एखादा केस अडकला असेल तर विषयच नको. तेव्हापासून यंत्र आधी सावलीत गार होऊ देतो, मगच पाण्यात. भिजलेलं यंत्र तांदळात पुरायचा सल्ला गावात सगळे देतात. तांदळाची पूड फटीत जाते, एवढाच मला दिसलेला परिणाम. सेल काढून, झाकण उघडं ठेवून सावलीत वाऱ्यावर ठेवणं जास्त बरं.

कपाटात महिनोन्महिने पडलेलं यंत्र सुरू केल्याबरोबर पाण्यात नेऊ नये. प्रत्येक उपग्रह आपला नेमका मार्ग दर ३० सेकंदांनी सांगतो आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग सांगायला साडेबारा मिनिटं घेतो, कारण माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या बैलगाडीच्या चालीनं येते. मधे हात आडवा आला की तो भाग पुन्हा ऐकावा लागतो. जुन्या यंत्रात तारीख वीसेक वर्षं मागची दिसली तर घाबरू नका. मूळ जीपीएस आठवडे ० ते १०२३ असेच मोजतं आणि मग पुन्हा शून्यावर येतं. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असा फेरा पूर्ण झाला, पुढचा नोव्हेंबर २०३८ मध्ये. तारीख चुकली तरी जागा सहसा बरोबर असते.

पोरांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते एका सेटिंगनं. डोंगा सरळ चाललेला, आणि नकाशावर आम्ही मधेच काटकोनात वळून एका रस्त्यावर चढलो. पाण्याच्या मध्यावर रस्ता! काकांनी पडदा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हा तं जुन्या गावचा रस्ता होय जी." गोसीखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं. पुढे पाणी अडल्यावर गावं उठली, पण यंत्रातल्या जुन्या नकाशात ती अजून नांदत होती. गाडीसाठी केलेली 'रस्त्यावर ठेव' ही सेटिंग चालू असल्यानं यंत्र आम्हाला ओढून त्या बुडालेल्या वाटेवर नेत होतं. सेटिंग बंद केली. काका त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

जागा लिहून घेण्यातही अशाच गमती होतात. एकानं अक्षांश २१.३० लिहिला, दुसऱ्यानं तो २१ अंश ३० मिनिटं असा वाचला. दशांश ३० म्हणजे १८ मिनिटं. फरक १२ मिनिटांचा, जमिनीवर २२ किलोमीटर. जुन्या सर्व्हे नकाशावरून जागा उचलली तर आणखी शे-दोनशे मीटरचा फरक पडतो, कारण ते नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशेबावर, सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या गोलाभावर, बेतलेले आणि जीपीएस डब्ल्यूजीएस८४ या नव्या हिशेबावर. एव्हरेस्ट यांच्याआधी ही मोजणी विल्यम लॅम्ब्टन करत होते. १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरुवात करून, अर्ध्या टनाचा कोनमापक घेऊन ते उत्तरेकडे सरकत आले आणि जानेवारी १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. कबर तिथंच आहे.

आकाशाचा दोष अगदीच नाही असं नाही. वातावरणाच्या अगदी वरच्या थरातला, म्हणजे आयनांबरातला, विद्युतभारित वायू चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे भारताच्या दक्षिण टोकाकडे, कारंज्यासारखा वर उसळतो आणि उत्तरेला मध्य भारताच्या माथ्यावर जाड थरात उतरतो. आपण त्या पट्ट्याच्या काठावर. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर तो कधी कधी खळबळतो आणि संदेश लुकलुकतात. यावर भारताची 'गगन' यंत्रणा भूस्थिर उपग्रहांवरून दुरुस्त्या पाठवते. यंत्रात ही सोय बहुधा 'वास' (WAAS) या अमेरिकी नावाखाली असते, म्हणून लोक ती आपल्याला लागू नाही समजून बंद ठेवतात. चालू करा. तिचे उपग्रह आपल्याकडून दक्षिणेला, बरेच वर आहेत.

एवढं सगळं करूनही यंत्र आज शहाणं आहे की नाही हे कळायला आम्ही घाटाची एक पायरी ठरवली आहे. सकाळी पोरं कयाक उतरवतात तोवर यंत्र त्या पायरीवर पंधरा मिनिटं उभं असतं. मग आकडे वहीत लिहून आधीच्या दिवसांशी ताडायचे. चार-पाच मीटरचा फरक असेल तर निघायचं, चाळीसचा असेल तर आधी सेल, मग सेटिंग, मग यंत्र धरण्याची पद्धत तपासायची. काकांना ही कसरत फार मजेची वाटते. आपलं जाळं शोधताना ते देवळाचा कळस आणि त्यामागचं वाळकं झाड एका रेषेत आणतात, दुसऱ्या बाजूला टेकडीची खाच आणि विजेचा टॉवर जुळवतात. मागच्या आठवड्यात त्यांनी असं जुळवून डोंगा थांबवला, तेव्हा मी यंत्रातली खूण पाहिली. फरक सहा मीटरचा होता, आणि जाळं काकांच्या बाजूला निघालं.