नंदादेवीचं शिखर हुकलेला डॉक्टर आणि उंचावर फुफ्फुसात भरणारं पाणी

मे महिना लागला की सोलापुरातून चारधामच्या बस सुटतात, पोरं लेह-लडाखचं बुकिंग करतात, आणि परत आल्यावर कुणीतरी हमखास सांगतं की आमच्यातल्या एकाला वर गेल्यावर रात्री अशी धाप लागली की तसंच खाली आणावं लागलं. थंडी बाधली असेल, न्यूमोनिया झाला असेल, असं बोलून विषय संपतो. पण बऱ्याचदा तो न्यूमोनिया नसतोच. हे जगभरच्या डॉक्टरांच्या ध्यानात आणून देण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो माणूस, चार्ल्स ह्यूस्टन, आधी गिर्यारोहक होता आणि नंदादेवीच्या शिखराच्या अगदी जवळून परत फिरला होता.

नंदादेवी म्हणजे उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं ७८१६ मीटरचं शिखर, कांचनगंगेनंतर आपल्याकडचं दुसऱ्या नंबरचं. चढाई राहू दे, आधी त्याच्या पायथ्याशी पोचणंच महाकठीण. शिखराभोवती साधारण ११० किलोमीटर घेराचं पर्वतांचं कडं आहे. आपल्या भुईकोट किल्ल्याचा तट डोळ्यापुढे आणा, फक्त हा तट साडेपाच हजार मीटरच्या खाली जवळपास कुठंच उतरत नाही आणि दरवाजा एकच, पश्चिमेला ऋषीगंगेनं कापून काढलेली अरुंद घळ. १८८३ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक ग्रॅहम या घळीतून माघारी फिरला, १९०५ मध्ये लाँगस्टाफ कड्यावरून नुसता आत डोकावून आला, रटलेजनं पण पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. शेवटी १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन आत पोचले, सोबत आंग थारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा. ही तीन नावं आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही, घ्यायला पाहिजेत.

दोन वर्षांनी ब्रिटिश आणि अमेरिकन गिर्यारोहकांची मिळून एक टीम आली. त्यात चार्ल्स ह्यूस्टन होता, वय २३, मेडिकलचा विद्यार्थी. बरेचसे शेर्पा आजारी पडले त्यामुळे वरच्या कॅम्पपर्यंत सामान या लोकांनी स्वतःच पाठीवर वाहिलं. शिखरासाठी जोडी ठरली ह्यूस्टन आणि ओडेलची, हा ओडेल भूगर्भशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या मॅलरी आणि अर्व्हिन या गिर्यारोहकांना शेवटचं बघणारा तोच. दोघं सात हजार मीटरच्या आसपास तंबू टाकून बसले, रात्री डब्यातलं मांस खाल्लं. डब्याला बारीक भोक पडलेलं होतं आणि नेमका खराब भाग ह्यूस्टनच्या वाट्याला आला, रात्रभर उलट्या जुलाब. सकाळी ओडेलनी वरून खालच्या कॅम्पला ओरडून सांगितलं, ‘चार्ली इज इल’. वाऱ्यात खालच्यांना ऐकू आलं ‘चार्ली इज किल्ड’, म्हणजे चार्ली गेला! सगळे काळीज हातात धरून वर धावले आणि बघतात तर हा जिवंत. तंबूत जागा दोघांचीच, म्हणून ह्यूस्टन स्वतःच खाली उतरला आणि त्याच्या जागी टिलमन गेला. २९ ऑगस्ट १९३६ ला टिलमन आणि ओडेल शिखरावर पोचले, ऑक्सिजनचे सिलिंडर न वापरता. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसानं यापेक्षा उंच शिखर गाठलेलं नव्हतं.

आता सिलिंडरशिवाय हे जमलं कसं? हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सोलापुरात २१ टक्के आणि नंदादेवीवर पण २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. आपण साडेचारशे मीटरवर राहतो, तिथल्या दाबाच्या जेमतेम ४० टक्के दाब त्या शिखरावर असतो, म्हणजे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजनचे रेणू निम्म्याहून कमी येतात. (पाणीसुद्धा तिथं पंचाहत्तर अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, कुकर नसेल तर तूरडाळ शिजायची आशा सोडा.) शरीर मग श्वास वाढवतं, त्यानं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कलीकडे झुकतं, ते मूत्रपिंडं दोन-चार दिवसांत सावरून घेतात आणि काही आठवड्यांत लाल पेशी वाढतात. या सगळ्याला वेळ लागतो. १९३६ च्या टीमला तो वेळ चालत येण्यात आपोआप मिळाला.

ह्यूस्टन पुढे अमेरिकन नौदलात डॉक्टर झाला आणि १९४६ मध्ये त्यानं रायली नावाच्या सहकाऱ्यासोबत चार स्वयंसेवकांना फ्लोरिडातल्या पेन्सकोलाच्या एका बंद चेंबरमध्ये महिनाभर ठेवलं, दाब रोज थोडा थोडा कमी करत नेला, आणि शेवटी दोघंजण एव्हरेस्टएवढ्या विरळ हवेत जादा ऑक्सिजन न घेता काही वेळ शुद्धीवर राहिले. मेसनर आणि हाबेलर खऱ्या एव्हरेस्टवर सिलिंडरशिवाय पोचले ते १९७८ मध्ये!

पण मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते १९६० मध्ये लिहिलेल्या एका लेखाचं. कोलोरॅडोतल्या ॲस्पेनमध्ये प्रॅक्टिस करताना त्याच्याकडे एक धडधाकट तरुण स्कीअर आला, फुफ्फुसात पाणी, आणि हृदयाचा आजार काहीच नाही. पेरूच्या डॉक्टरांनी असे पेशंट आधी पाहिले होते पण ते स्पॅनिशमध्ये लिहिलेलं, बाकी जगानं न्यूमोनियाच धरलेला. ह्यूस्टनच्या या लेखानंतर हा उंचीचाच वेगळा आजार आहे हे इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचलं.

होतं काय, तर फुफ्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. एरवी ही सोय चांगली, कफानं बंद झालेल्या भागातलं रक्त चांगल्या भागाकडे वळतं. उंचावर मात्र ऑक्सिजन सगळीकडेच कमी, मग सगळ्याच वाहिन्या आकसायला लागतात, कुठं जास्त कुठं कमी, आणि ज्या उघड्या राहतात त्यांच्यातून सगळं रक्त जोरात घुसतं. त्या दाबानं केशवाहिन्यांच्या पातळ भिंती झिरपतात आणि हवेच्या पिशव्यांत पाणी येतं. जंतूंचा इथं काही संबंध नाही, त्यामुळे अँटिबायोटिकनं हे उतरत नाही.

हे बहुतेक अडीच हजार मीटरच्या वर, पोचल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत होतं, आणि जास्त करून रात्री. केदारनाथ आणि लेह दोन्ही साडेतीन हजारांच्या आसपास, आणि आपण हेलिकॉप्टरनं नाहीतर फ्लाइटनं थेट तिथं उतरतो, शरीराला सवय व्हायला सवडच देत नाही. पैलवान असला तरी सुटका नाही बरं का, पहिले दोन दिवस निवांतच काढायचे. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, दोन पावलं टाकली तरी दमणूक, ओठ निळसर, असं दिसलं की ऑक्सिजन लावा आणि सकाळची वाट न बघता पेशंटला खाली न्या, त्याला चालायला न लावता. हजारभर मीटर उतरलं की बहुतेकांना लगेच फरक पडतो.