सेलेनोमेथिओनिन आणि सेलेनोसिस्टीन: गायीच्या अंगी लागतं ते कोणतं?

आरे कॉलनीतल्या तबेलेवाल्यांना खनिज मिश्रणाची दोन पाकिटं दाखवली जातात. एकावर 'सोडियम सेलेनाइट', दुसऱ्यावर 'सेलेनियम यीस्ट'. यीस्टवालं महाग. त्यातलं सेलेनियम थेट प्रथिनांत जातं, असं विकणारा सांगतो. जातं खरं, पण भलत्याच प्रथिनांत.

यीस्टमध्ये असतं मुख्यतः सेलेनोमेथिओनिन, म्हणजे गंधकाच्या जागी सेलेनियम आलेलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाची एक वीट). वनस्पती ते बनवतात, गायीला बनवता येत नाही. तिच्या पेशीला मात्र मेथिओनिन आणि सेलेनोमेथिओनिन यांतला फरकच कळत नाही. एयूजी कोडॉन, म्हणजे मेथिओनिनसाठीचा तीन अक्षरी संकेत, आला की हाताला लागेल ते बसवलं जातं. याला ना कसली आज्ञा, ना कसला लगाम. जास्त खाऊ घाला, केसीन या दुधातल्या प्रथिनात जास्त उतरेल. यीस्टने दुधातलं सेलेनियम चढतं ते यामुळेच. सेलेनाइटने ते तितकं चढत नाही, कारण पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव त्यातलं बरंचसं न विरघळणारं करून टाकतात आणि ते शेणावाटे जातं.

सेलेनोसिस्टीनचं, म्हणजे गंधकाच्या जागी सेलेनियम आलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचं, तसं नाही. त्याची जागा जनुकातच लिहिलेली असते, आणि तीही यूजीए या कोडॉनने. एरवी यूजीए म्हणजे 'इथे थांबा'. इथे मात्र आरएनएच्या, म्हणजे जनुकाच्या नकलेच्या, शेपटाकडे, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात, 'सेसिस' नावाची एक घडी असते. तिच्यावर एसबीपी-२ हे प्रथिन बसलं की थांबायचं सोडून तिथे सेलेनोसिस्टीन जोडलं जातं. गंमत म्हणजे ते आयतं वापरलंच जात नाही. टी-आरएनएवर, म्हणजे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूवर, आधी सेरीन हे दुसरंच अमिनो आम्ल चढतं आणि तिथल्या तिथे त्याचं सेलेनोसिस्टीन होतं. त्यामुळे यीस्ट द्या की सेलेनाइट, शरीर आधी त्यातलं सेलेनियम सुटं करून घेतं.

ग्लुटाथिऑन पेरॉक्सिडेज, म्हणजे जीपीएक्स-१, हे सेलेनोसिस्टीन असलेल्या प्रथिनांच्या घराण्यातलं सर्वांत जुनं ओळखीचं एन्झाइम. गायीच्या तांबड्या पेशींतून काढलेल्या या एन्झाइमच्या रेणूत सेलेनियमचे चार अणू असल्याचं १९७३ साली दिसलं. सस्तन प्राण्यांत त्याच्या जनुकाचे दोन एक्झॉन (आरएनएमध्ये टिकून राहणारे तुकडे) असतात आणि यूजीए पहिल्याच एक्झॉनमध्ये. सेलेनियम कमी पडलं की पेशीला तो अवेळी आलेला 'थांबा' वाटतो आणि ती तो आरएनए मोडीत काढते. त्याचंच भावंड असलेल्या जीपीएक्स-४ ला मात्र सहसा धक्का लागत नाही. टंचाईत कुणाला आधी उपाशी ठेवायचं, हे पेशीचं ठरलेलं असतं.

म्हणूनच रक्ततपासणीच्या कागदावर नेमकं काय मोजलंय ते बघावं. यीस्ट खाणाऱ्या गायीत 'एकूण सेलेनियम' भरघोस दिसेल, पण त्यातलं बरंच नुसतं मेथिओनिनच्या जागी बसलेलं असतं. वार अडकत असेल, वासरं अशक्त निपजत असतील, तर माझ्या मते जीपीएक्सची क्रियाशीलता जास्त कामाची. फक्त ते एन्झाइम तांबडी पेशी घडतानाच आत भरलं जातं, म्हणून आकडा मागच्या काही महिन्यांचा असतो. आज पाकीट बदललं म्हणून पुढच्या आठवड्यात तो हलणार नाही.

दोन्ही पाकिटं एकदम सुरू करायची असतील तर आधी बेरीज करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ साली दुभत्या गायीसाठी सुचवलेलं प्रमाण आहे खाद्याच्या दर किलो कोरड्या वजनामागे ०.३ मिलिग्रॅम.