छावणीचे पाणी, कंपनीचे पाइप : अमेरिकी लष्करी तळांवरील खासगीकरणाची पार्श्वभूमी

टेक्सासमधल्या एल पासो शहराला लागून फोर्ट ब्लिस हा अमेरिकी लष्कराचा भलामोठा तळ आहे. तिथली जमीन सरकारची, कवायतीची मैदाने सरकारची. पण त्या जमिनीखालून जाणारी पाण्याची लाइन, तिचे व्हॉल्व्ह, पंप आणि सांडपाण्याचे चेंबर २००४ पासून एका खासगी कंपनीच्या मालकीचे आहेत, आणि करार आहे ५० वर्षांचा. रणगाडे आणि क्षेपणास्त्रे सांभाळणाऱ्या सैन्याने नळाचे पाणी दुसऱ्याच्या हाती का दिले, हे समजून घ्यायचे तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागते.

१९४० ते १९४२ या काळात अमेरिकेत लष्करी तळ अक्षरशः महिन्यांच्या हिशेबाने उभे राहिले. बरेचसे तळ गावापासून दूर होते, त्यामुळे शहराच्या जलवाहिनीला जोडून घेण्याची सोय नव्हती. मग प्रत्येक तळाने स्वतःच्या विहिरी खोदल्या, टाक्या बांधल्या, मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र उभारले. तळ म्हणजे एक छोटी नगरपालिकाच झाली. आपल्याकडे खडकी, देवळाली किंवा कामठीच्या लष्करी वसाहतीत राहिलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. तिथे पाणी आले नाही की तक्रार एमईएसकडे, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-देखभाल विभागाकडे जाते. अमेरिकेत हेच काम प्रत्येक तळाचा स्वतःचा बांधकाम विभाग करत असे.

घाईत बांधलेल्या त्या यंत्रणांची पुढची ४०-५० वर्षे कशी गेली, हे जुना बिडाचा पाइप कापून पाहिला की कळते. आतल्या बाजूला गंजाचे खडबडीत गोळे वाढलेले असतात. बाहेरून सहा इंची दिसणाऱ्या पाइपात पाण्याला जेमतेम मूठभर वाट उरते. नळाला दाब राहत नाही, पाणी तांबूस येते. ड्रेनेजची तऱ्हा वेगळी. मातीच्या भाजलेल्या पाइपांचे सांधे उकलतात, झाडांची मुळे आत शिरतात आणि जोराचा पाऊस झाला की जमिनीतले पाणी त्याच फटींतून आत घुसून शुद्धीकरण केंद्रावर नको तेवढा लोंढा येतो.

दुरुस्ती कशी करायची, हे सगळ्यांना ठाऊक होते. अडचण पैशाची होती, आणि त्यातही रांगेची. पाइपची देखभाल, छपराची दुरुस्ती, रस्ते यांचा खर्च ज्या निधीतून होत असे, त्यावर सैनिकी सराव आणि इंधन यांचाही दावा असे. छप्पर गळले की बादल्या ठेवाव्या लागतात, सगळ्यांना दिसते. जमिनीखालचा पाइप गळत राहिला तर कोणी बोंब मारत नाही. त्यात तळाचा प्रमुख अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जाणार. ‘पाइप पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर वर्षानुवर्षे सोयीचे पडले. मधल्या काळात १९७२ चा जलप्रदूषणविरोधी कायदा आला, १९७४ चा सुरक्षित पेयजलाचा कायदा आला. निकष कडक होत गेले आणि यंत्रणा म्हातारी होत गेली. माझ्या मते खासगीकरणाचे खरे मूळ या थकलेल्या देखभालीत आहे. बाजारपेठेवरच्या श्रद्धेने त्याला नंतर हात दिला.

नोव्हेंबर १९९७ मध्ये बिल क्लिंटन यांनी संरक्षण खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधेयकावर सही केली. त्यातल्या एका कलमाने लष्कराला पाणी, सांडपाणी, वीज आणि गॅस यांच्या यंत्रणा विकण्याचा सरसकट अधिकार मिळाला. त्याआधी अशा हस्तांतरणासाठी त्या-त्या तळापुरती संसदेची खास मंजुरी आणावी लागे. अट होती की सरकारचा दीर्घकालीन फायदा खर्चापेक्षा जास्त असल्याचे दाखवावे लागेल. तेव्हाचे संरक्षणमंत्री विल्यम कोहेन यांचा एकूणच भर संरक्षण खात्याला उद्योगांच्या शिस्तीत बसवण्यावर होता. खात्याकडे अशा अडीच हजारांहून अधिक यंत्रणा होत्या. त्या खासगी हाती देण्यासाठी आधी २००० सालच्या सुरुवातीची मुदत ठरली. डिसेंबर १९९८ च्या आदेशाने ती सप्टेंबर २००३ पर्यंत नेली. सुरक्षेचे खास कारण असेल किंवा व्यवहार परवडणार नसेल, तेवढ्याच यंत्रणा वगळायच्या होत्या. नंतर ही मुदतही सप्टेंबर २००५ पर्यंत ढकलावी लागली.

उशीर होणारच होता. ज्या पाइपांचे धड नकाशे नाहीत, त्यांची किंमत कशी ठरवायची?

व्यवहाराची रचना अशी. जमीन सरकारकडेच राहते, तिच्यावर कंपनीला फक्त वहिवाटीचा हक्क मिळतो. पाइप, टाक्या, पंपिंग स्टेशन यांची विक्री होते. त्यानंतर कंपनी यंत्रणा चालवते, जुनी लाइन बदलते आणि सरकारला दरमहा बिल लावते. ५० वर्षांची मुदत यासाठी की जमिनीत गाडलेल्या भांडवलाची वसुली पाच-दहा वर्षांत होत नाही. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानेही साधारण याच सुमारास ‘अक्वाट्राइन’ या नावाने आपले पाणी आणि सांडपाणी खासगी हाती दिले, पण तिथे मुदत २५ वर्षांची ठेवली.

आपल्याकडे कॅग तशी अमेरिकेत जीएओ ही संसदेसाठी सरकारी खर्च तपासणारी संस्था आहे. तिने मे २००५ मध्ये या कार्यक्रमावर अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी आणखी एक. या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो. लष्कराच्या हिशेबात खासगीकरणाने बचत दिसत होती. जीएओने ती बचत उलगडून पाहिली. तुलना कशाशी केली होती? तळ त्या पाइपांवर प्रत्यक्षात करत असलेल्या खर्चाशी नव्हे, तर नीट देखभाल केली असती तर जो खर्च ‘व्हायला हवा होता’ त्याच्याशी. तो आकडा मोठा, म्हणून कंपनीचे बिल त्यापुढे लहान दिसे. सरकारच्या खिशातून जाणारी खरी रक्कम मात्र वाढणार होती. दुसरी गोष्ट विक्रीच्या किमतीची. कंपनीने यंत्रणेसाठी जी किंमत मोजली, ती मासिक बिलात भरून घेतली जात होती, आणि काही करारांत मोजल्यापेक्षा जास्त वसूल होणार होती. घर विकायचे आणि विकत घेणाऱ्याला हप्तेही आपणच भरायचे, असा तो प्रकार.

तरीही खर्च वाढला म्हणून सगळे फसले असे मला म्हणवत नाही. वाढलेला खर्च बराचसा त्या पाइपांचा होता, जे आधीच बदलायला हवे होते. सही झालेल्या कराराचे बिल थकवता येत नाही. सरावासाठी पैसे कमी पडले तरी पाण्याच्या लाइनचा निधी तिकडे वळवता येत नाही. तळाच्या प्रमुखाचे हात बांधले गेले ते इथे. त्या बांधलेल्या हातांमुळेच पाइप बदलले जाऊ लागले.

या कामात मोजक्याच कंपन्या टिकल्या. अमेरिकन स्टेट्स वॉटर कंपनीच्या उपकंपनीचा पहिला तळ म्हणजे फोर्ट ब्लिस. अमेरिकन वॉटरने ओक्लाहोमातला फोर्ट सिल, टेक्सासमधला फोर्ट हूड असे बरेच तळ घेतले. अलास्कातली गोष्ट वेगळी. तिथल्या मूळ रहिवाशांच्या डोयॉन या महामंडळाची भागीदारी असलेल्या डोयॉन युटिलिटीजने २००८ मध्ये तीन तळांच्या यंत्रणा ताब्यात घेतल्या. त्यांतल्या फोर्ट वेनराइटला हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत उतरतो. या आकड्याला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच. जमिनीत नुसता पुरलेला पाइप तिथे गोठून फुटेल. म्हणून काँक्रीटच्या बोगद्यातून वाफेचा पाइप आणि पाण्याचा पाइप शेजारी-शेजारी नेलेले आहेत. कोळशावर चालणाऱ्या केंद्रातून निघालेली वाफ इमारती गरम करते आणि वाटेत पाणीही वाहते ठेवते. अशा ठिकाणी पाणी, सांडपाणी आणि उष्णता वेगवेगळ्या हातांत देणे शक्यच नव्हते.

अर्धशतकाच्या कराराची परीक्षा फोर्ट ब्लिसला लगेच झाली. २००५ च्या तळ-पुनर्रचनेत जर्मनीतली पहिली आर्मर्ड डिव्हिजन, म्हणजे रणगाड्यांची मोठी तुकडी, तिथे हलवायचे ठरले. माणसे वाढली म्हणजे टाक्या, पंप, ड्रेनेज सगळेच वाढवणे आले. मूळ करारात एवढी वाढ धरलेली नव्हती, म्हणून जादा कामे करारात जोडत जावे लागले.

सैन्याने पाणी स्वतःच सांभाळावे, असे म्हणणाऱ्यांना कॅम्प लेजूनचे उत्तर द्यावे लागते. उत्तर कॅरोलिनातल्या या मरीन तळावर १९५३ पासून १९८७ पर्यंत लाखो सैनिक, त्यांच्या बायका-मुलांनी सॉल्व्हंट (विरघळवणारी, साफसफाईची रसायने) आणि इंधनाने दूषित झालेले पाणी प्यायले. ती यंत्रणा सरकारचीच होती. त्यांना दाद मागण्याचा कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये हवाईत रेड हिलच्या साठ्यातले इंधन नौदलाच्या पिण्याच्या पाण्यात गेले, तीही नौदलाची स्वतःची यंत्रणा. अर्थात विहिरीच्या वर इंधनाचा साठा असेल, तर पाइप कोणाच्या नावावर आहे याने पाणी शुद्ध होत नाही.

फोर्ट ब्लिसचा करार २०५४ मध्ये संपेल. तेव्हा जमीन सरकारची असेल, पण पाइप विकलेले आहेत, त्यामुळे ते आपोआप परत येणार नाहीत. लष्कराला त्याच कंपनीशी नव्याने बोलणी करावी लागतील, नाहीतर एकदा विकलेली यंत्रणा पुन्हा विकत घ्यावी लागेल.